फाटलेला कान सांधता येतो
(साक्षरता वर्गातील स्त्री-पुरुषांपुढे केलेले भाषण)



आज मी कानाविषयी बोलणार आहे. कानाने ऐकू कसे येते, हा विषय वेगळा. आज कानाच्या बाहेरच्या आकाराविषयी बोलू. फाटलेली पाळी, पुढे आलेला कान आणि जन्मतःच अर्धवट राहिलेला कान, असे हे तीन विषय आहेत.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, पेरणी आहे, पाणी आहे, कर्ज आहे, लेकीचं लग्न आहे. एवढं सगळं असताना कान कशाला काढला? त्याचे कारण सांगतो. लग्नाच्या मांडवात जरा नीट बघा. एखादी बाई एका बाजूने पदर घट्ट ओढून बसलेली दिसते. वारा आला तरी ती पदर सोडत नाही. तिच्या कानाची पाळी फाटून दोन तुकडे झालेले असतात. तिला ते कोणाला दाखवायचे नसते. शाळेत बघा. एखादे लेकरू भर उन्हाळ्यात टोपी काढत नाही. त्याचे कान पुढे आलेले असतात. पोरे त्याला नावे ठेवतात. हे दुःख लहान आहे, पण ते रोजचे आहे. आणि त्याला उपाय आहे. उपाय असताना माणसाने उगीच सोसू नये, म्हणून हा विषय घेतला.

आधी कान कसा असतो ते पाहू. आपला हात कानाला लावा. वरचा भाग चिवट लागतो. तो दुमडतो आणि सोडला की पुन्हा उभा राहतो. त्यात मऊ हाड असते. डॉक्टर त्याला कूर्चा म्हणतात. आता खालची पाळी धरा. ती नुसती मऊ आहे. तिच्यात हाडही नाही आणि कूर्चाही नाही. वर कातडी आणि आत थोडी चरबी, एवढेच. आणि आपण सगळ्यात जड दागिना टांगतो कुठे? त्याच मऊ पाळीला!

आपल्याकडे कानातल्याची हौस मोठी. कुडी आहे, झुबे आहेत, वेल आहे, कर्णफुले आहेत. हौस असावी. पण जड झुबे वर्षानुवर्षे लोंबत राहिले की भोक खाली ओघळते. आधी ते तिळाएवढे असते. मग ज्वारीच्या दाण्याएवढे होते. मग लांबट चीर पडते. शेवटी एके दिवशी कडेवरचे लेकरू हात घालून ओढते, किंवा डोक्यावरचा भारा उतरवताना झुबा अडकतो, आणि पाळी टरकन फाटते. जत्रेच्या गर्दीत चोराने हिसका दिला तरी तेच होते. भोक फार खाली, पाळीच्या काठाजवळ टोचले असेल तर हे लवकर होते. वय झाले की कातडी सैल होते, तेव्हाही होते.

आणखी एक कारण आहे. बाजारातल्या स्वस्त नकली दागिन्यांत पुष्कळदा निकेल नावाची धातू असते. ती काही जणांच्या कातडीला सोसत नाही. कान खाजतो, लाल होतो, पाणी सुटते. तरी बाई दागिना काढत नाही. भोक बुजेल, अशी तिला भीती वाटते. मग तिथे पू होतो आणि पाळी कुजत जाते. कान खाजायला लागला की तो दागिना त्याच दिवशी उतरवावा.

लांब लोंबलेली पाळी ही काही आजची गोष्ट नाही. वेरूळच्या लेण्यांत बुद्धाच्या मूर्ती आहेत. त्यांचे कान बघा. पाळ्या लांबच लांब आहेत, पण त्यांत दागिना नाही. जाणते लोक त्याचा अर्थ असा सांगतात की, गौतम हे राजघराण्यातले होते. तरुणपणी त्यांच्या कानात जड कुंडले होती. पुढे त्यांनी सर्व सोडले. कुंडले गेली, लांबलेले कान तेवढे राहिले. दगडात कोरणाऱ्या कारागिरालासुद्धा सोन्याचे वजन ठाऊक होते!

आता मुख्य गोष्ट. फाटलेली पाळी सांधता येते. ही विद्या परदेशातून आलेली नाही. ती आपल्याच देशातली फार जुनी विद्या आहे. सुश्रुत नावाचे थोर वैद्य होऊन गेले. त्यांच्या नावाचा ग्रंथ आहे, सुश्रुतसंहिता. तो सुमारे दोन हजार वर्षांचा जुना मानतात. त्यात एक अख्खा अध्याय कान टोचण्यावर आणि फाटलेला कान सांधण्यावर आहे. लेकरू सहा-सात महिन्यांचे झाले की कान टोचावा, असे त्यात म्हटले आहे. भोक योग्य जागी न पडल्यास काय त्रास होतो, हेही लिहिले आहे. आणि पाळी सांधण्याचे एक-दोन नव्हे, पंधरा प्रकार दिले आहेत. पाळी कशी फाटली आहे, कोणता तुकडा मोठा आणि कोणता लहान, ते पाहून प्रकार निवडायचा.

कृती काय सांगितली आहे? फाटलेल्या दोन्ही कडा खरवडून ताज्या करायच्या. मग त्या नीट जुळवायच्या. त्यावर मध आणि तूप लावायचे. कापूस ठेवून दोऱ्याने बांधायचे. बांधणे फार घट्ट नको आणि फार सैलही नको. रोग्याला सांगायचे की धक्का लागू देऊ नको, कष्टाचे काम करू नको, फार बोलू नको. बघा, किती बारीक विचार केला आहे!

कडा खरवडायच्या कशाला, हे नीट समजून घ्या. सगळी मेख तिथेच आहे. पाळी फाटून जुनी झाली की दोन्ही कडांवर नवी कातडी येते. कातडीला कातडी कधी चिकटत नाही. आपण दोन बोटे वर्षभर एकत्र बांधली तरी ती जुळतात का? नाही. पण दोन ओल्या जखमा एकमेकींना लावून ठेवल्या की त्या भरताना एक होतात. आंब्याचे कलम करणारा माळी काय करतो? साल काढतो, ओल्या भागाला ओला भाग लावतो आणि बांधतो. कानाचेही तसेच आहे.

ज्याची पाळीच गेली आहे, त्याचे काय? तेही सुश्रुतांनी लिहिले आहे. गालाची कातडी सोडवायची, पण एका बाजूने ती गालाला जोडलेलीच ठेवायची. मग ती वळवून कानाला लावायची. जोडलेली का ठेवायची? तिला रक्त मिळावे म्हणून. रक्त मिळाले तर कातडी जगते. तोडून लावली तर वाळून जाते.

याच विद्येची एक खरी हकीकत आपल्या महाराष्ट्रात घडली. ती नाकाची आहे, पण ऐकण्यासारखी आहे. १७९२ साली इंग्रज आणि टिपू सुलतान यांची लढाई चालू होती. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा एक मराठी शेतकरी होता. इंग्रजांनी त्याचे नाव कावसजी असे लिहिले आहे. तो टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. वर्षाहून अधिक काळ तो माणूस नाकाविना राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले.

तो करणारा कोण होता? मोठा पदवीवाला नव्हता. तो विटा करणाऱ्या जातीतला माणूस होता. त्याने मेणाचा पातळ तुकडा घेऊन नाकाचा आकार केला. तो तुकडा कपाळावर सपाट ठेवून भोवती रेघ मारली. तेवढी कातडी सोडवली, पण दोन भुवयांच्या मधली पट्टी जोडलेली राहू दिली. नाकाच्या जागेच्या जुन्या कडा ताज्या केल्या. मग कपाळाची ती कातडी खाली वळवून तिथे बसवली. नाक जगले. मुंबईच्या क्रूसो आणि फिंडले नावाच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे काम पाहिले. वेल्स नावाच्या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले. ही हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात छापून आली. ती वाचून तिकडचे डॉक्टर चकित झाले. पुढे १८१४ साली कार्प्यू नावाच्या डॉक्टराने लंडनमध्ये याच रीतीने नाक केले आणि १८१६ साली त्यावर पुस्तक लिहिले. तिथून ही रीत युरोपभर गेली.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. मासिकातल्या त्या पत्रात बैल हाकणाऱ्याचे नाव आहे. पाहणाऱ्या डॉक्टरांचे नाव आहे. पण ज्याने नाक केले त्याचे नाव नाही. हात त्याचा होता, अक्षर मात्र दुसऱ्याचे होते. तुम्ही आज पाटीवर अक्षर गिरवता ना, त्याची किंमत यावरून समजा.

अशा कामाला आज ‘प्लॅस्टिक सर्जरी’ म्हणतात. नाव ऐकून बायाबापड्या घाबरतात. कानात प्लॅस्टिक बसवतात की काय, असे विचारतात. तसे काही नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘आकार देणे’ असा आहे. कुंभार मातीला आकार देतो, तसे डॉक्टर कातडीला आकार देतात. पुण्याजवळचा तो माणूस विटांना आकार देणाराच होता, नाही का?

आजच्या दवाखान्यात पाळी कशी सांधतात, ते सांगतो. पाळीत सुई देऊन ती बधिर करतात. सुई टोचते तेवढेच दुखते. माणूस जागाच असतो, डॉक्टरांशी बोलतो. डॉक्टर जुन्या कडा कापून ताज्या करतात, जुळवतात आणि बारीक टाके घालतात. एका कानाला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. त्याच दिवशी घरी जाता येते. आठवडा-दहा दिवसांत टाके काढतात. तोवर कान कोरडा आणि स्वच्छ ठेवायचा. लगेच दागिना घालायचा नाही. काही महिने थांबून, डॉक्टरांना विचारून, मगच पुन्हा भोक पाडायचे. तेही जुन्या वणावर नको, जरा बाजूला पाडायचे. आणि पुन्हा जड झुबे अडकवले तर पुन्हा फाटेल, हे सांगायला नकोच.

डॉक्टरांना काही गोष्टी आपण होऊन सांगाव्या. साखरेचा आजार आहे का? रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का? आधी कधी जखम भरली तेव्हा तिथे जाड गाठ वाढली होती का? काही जणांच्या कातडीचा तसा स्वभावच असतो. कान टोचला तरी बोराएवढी गाठ येते. अशा माणसाने आधी सांगितले तर डॉक्टर सावध राहतात.

आता धोक्याची सूचना देतो. जत्रेत, बाजारात काही जण बसतात. “फाटलेला कान दहा मिनिटांत जोडून देतो, टाका नाही, सुई नाही,” असे ओरडतात. कोणी तेजाबासारखे जळजळीत औषध लावतो, कोणी चिकट डिंक लावतो. डिंकाने पाळी दोन दिवस चिकटते आणि पुन्हा सुटते. का सुटते, ते आत्ताच आपण पाहिले. कातडीला कातडी जुळत नाही. आणि तेजाब अजाण हातात असले तर पाळीच जळून जाते. आधी चीर होती, नंतर पाळीच राहत नाही. आपल्याकडे म्हण आहे, सोनारानेच कान टोचावेत. ज्याचे काम त्यानेच करावे, हा तिचा अर्थ. मग फाटलेला कान सांधायचा तर तो डॉक्टरानेच सांधावा.

टोचण्याचा विषय निघालाच आहे, तर तेही सांगतो. लेकराला धनुर्वाताची लस असलेले पहिले डोस मिळाले की मग कान टोचावा. सुई नवी आणि निर्जंतुक असावी. एका लेकराची सुई दुसऱ्याला वापरू देऊ नये. हात साबणाने धुतलेले असावेत. भोक पाळीच्या मध्यावर असावे. कानाच्या वरच्या भागात बुगडी किंवा भिकबाळी घालायची असेल तर जास्त जपावे. तिथे कूर्चा असते. तिच्यात पू झाला तर ती विरघळते आणि कान कायमचा चुरगळतो. वरचा कान सुजला, लाल झाला तर हळद लावून वाट बघू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पैलवान मंडळींनाही एक शब्द सांगतो. कुस्तीत कान रगडला जातो. कातडी आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साठते. कान फुगतो. ते रक्त लवकर काढले नाही तर ते घट्ट होते आणि कान जन्माचा मोडतो. मोडका कान ही पैलवानाची खूण, असे तालमीत मानतात. खूण हवी तर अंगातल्या बळाची असू द्या. कान फुगला तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा.

आता पुढे आलेल्या कानांकडे येऊ. काही लेकरांच्या कानाची आतली घडी जन्मतः नीट पडलेली नसते. म्हणून कान डोक्याला न चिकटता सुपासारखा उभा राहतो. त्याने ऐकू कमी येत नाही. तो रोग नाही, अपशकुन तर मुळीच नाही. गणपतीला आपण शूर्पकर्ण म्हणतो. शूर्प म्हणजे सूप. ज्याची पूजा करतो त्याचे कान सुपासारखे चालतात, आणि शेजारच्या लेकराचे असले की त्याला हसतो. हा कुठला न्याय?

मी चाळीस वर्षे शाळेत काढली. पोरे चिडवतात कशी, ते मी पाहिले आहे. एकदा नाव कानफाट्या पडले की पडले, ही म्हण काही उगीच झाली नाही. एका मुलाला वर्गातल्या पोरांनी असेच नाव ठेवले होते. हुशार मुलगा. पण फळ्याजवळ यायला तयार होईना. पाठ फिरवली की मागून पोरे कान ओढत. मी वर्ग उभा केला आणि सांगितले की या नावाने कोणी हाक मारली तर त्याने माझ्याशी बोलू नये. नाव बंद झाले. मुलगा फळ्याजवळ आला, मॅट्रिक झाला. कान होते तसेच राहिले. तेव्हा पहिला उपाय हा असा आपल्या हातात आहे. त्याला पैसा लागत नाही. घरात, गल्लीत, शाळेत लेकराच्या अंगावरून नाव ठेवू नका, कोणाला ठेवू देऊ नका.

तरीही मूल मोठे होत असता त्याच्या मनाला फारच लागत असेल तर शस्त्रक्रिया आहे. १८८१ साली न्यूयॉर्क शहरात एली नावाच्या डॉक्टराने १२ वर्षांच्या एका मुलाचे असे कान मागे घेतले. त्यालाही सोबतची पोरे चिडवत होती. पोरे सगळीकडे सारखीच! या कामात कानाच्या मागून छेद घेतात आणि कूर्चेला टाके घालून घडी पाडतात. वण मागे लपतो. पाच-सहा वर्षांच्या वयापर्यंत कानाची बहुतेक वाढ होते, म्हणून त्याआधी सहसा करत नाहीत. लहान लेकराला त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागते. आठवडाभर मोठी पट्टी बांधतात, पुढे काही आठवडे रात्री फडके बांधून झोपावे लागते. मात्र हे काम गरजेचे नाही, इच्छेचे आहे. लेकराची स्वतःची इच्छा असेल तरच करावे. आईबापाच्या हौसेसाठी करू नये. त्यासाठी सावकाराचे कर्ज तर कधीच काढू नये.

नुकतेच जन्मलेले बाळ असेल आणि कान दुमडलेला दिसत असेल, तर एक सोपी वाट आहे. पहिल्या काही आठवड्यांत बाळाची कूर्चा फार मऊ असते. त्या काळात डॉक्टर कानाला मऊ साचा लावून आकार देऊ शकतात. शस्त्रक्रिया लागत नाही. पण त्यासाठी लवकर जावे लागते. घरी आपल्या मनाने दोरा, चिकटपट्टी बांधू नये. बाळाची कातडी सोलते.

शेवटचा विषय सगळ्यात महत्त्वाचा. एखादे बाळ एक कान अगदी लहान, नुसत्या गोळ्यासारखा घेऊन जन्मते. मग घरात काय होते? सासू म्हणते, ग्रहणात सुनेने विळी हातात घेतली. शेजारीण म्हणते, ग्रहण बघितलं असेल. सगळा दोष त्या बाळंतिणीच्या माथी! तिच्या डोळ्याचे पाणी खळत नाही. मायबहिणींनो, नीट ऐका. ग्रहण म्हणजे सावली आहे. चंद्राची सावली पृथ्वीवर पडते किंवा पृथ्वीची चंद्रावर पडते. लाखो मैलांवरच्या त्या सावलीला गर्भातल्या बाळाचा कान कापता येत नाही. कान पोटात असताना अगदी सुरुवातीच्या महिन्यांत घडतो. कधी कधी ती घडण अपुरी राहते. त्यात आईचा अपराध नाही. ज्या घरात असे बोलणे चालू असेल तिथे जाऊन एवढे एक वाक्य सांगितलेत तरी पुण्य लागेल.

अशा बाळाच्या त्या कानाचे भोकही पुष्कळदा बंद असते. म्हणून आकाराची काळजी नंतर, ऐकण्याची आधी. दोन्ही कानांची तपासणी पहिल्या महिन्यांतच करून घ्यावी. बहुधा दुसरा कान चांगला असतो आणि मूल बोलायला शिकते. दोन्हीकडे कमी ऐकू येत असेल तर यंत्र लागते, आणि ते जितके लवकर तितके चांगले. ऐकू आले नाही तर बोलणे येत नाही. बोलणे नाही तर शाळा नाही. कानाचा आकार मात्र पुढे करता येतो. मूल आठ-दहा वर्षांचे झाले की त्याच्याच बरगडीची कूर्चा काढून डॉक्टर कान घडवतात. ते मोठे काम असते. एकाहून अधिक वेळा दवाखान्यात जावे लागते.

जायचे कुठे? आधी गावातल्या आशाताईला किंवा अंगणवाडीत सांगा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचे डॉक्टर अंगणवाडीत आणि शाळेत मुलांना तपासायला येतात. त्या दिवशी लेकराला शेतात नेऊ नका, घरी ठेवू नका. टोपी काढून कान दाखवा. मोठ्या माणसांनी परभणीच्या सरकारी रुग्णालयात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. काम मोठे असेल तर नांदेडच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी मागावी. खाजगी दवाखान्यात गेलात तर आधी चार गोष्टी विचारा. हे काम कोण करणार? त्यांचे शिक्षण काय? एकूण खर्च किती? नंतर किती वेळा यावे लागेल? उत्तर मिळाल्यावर मगच हो म्हणा. आणि ज्या कागदावर सही करायची तो आधी वाचा. आता तुम्हाला वाचता येते. अंगठ्याचे दिवस गेले.

तेव्हा ज्यांच्या घरात फाटलेला कान आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर एवढेच सांगा, “माय, हे सांधता येतं. येत्या सोमवारी दवाखान्यात जाऊ.” पदराखाली झाकलेली गोष्ट एकदा बोलली की निम्मी हलकी होते.

आता वेळ झाला. धड्यातले अवघड शब्द पाटीवर लिहा पाहू. पहिला शब्द, पाळी. दुसरा, कूर्चा. तिसरा, निर्जंतुक.